एकशे आठ फेऱ्या आणि एक वायसर

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत नसता, तर मी आयुष्यात कधी सत्तावीस किलोमीटर चाललो नसतो, हे आधीच सांगून टाकतो. लोक विचारतात, "सबनीस, एकसष्टाव्या वर्षी ही प्रेरणा कुठून आली हो?" अशा वेळी जरा वर बघून काहीतरी उदात्त बोलायचा मोह होतो. पण माझी बायको जयंती शेजारी उभी असते. ती लगेच म्हणते, "नळातून."

नळ तीन महिने गळत होता. जयंती खाली पातेलं ठेवायची आणि भरलेलं पातेलं तुळशीला घालायची. तुळस कुजायला लागली तेव्हा तिने निर्वाणीचं सांगितलं, "गुणाजीला घेऊन या, नाहीतर मी माहेरी जाते." तिचं माहेर मुलुंड पश्चिमेला, पूल ओलांडला की आलंच, त्यामुळे या धमकीत फारसा दम नसतो. तरीही मी निघालो.

गुणाजी परब हा आमच्या सोसायटीचा प्लंबर. मूळचा कणकवलीकडचा. कोवळ्या वयात गिरणीत बदली कामगार होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्याने पान्हा हातात घेतला आणि गेली तीस वर्षं तो आमच्या चार मजल्यांना पाणी पाजतो आहे. कुठल्या भिंतीत कुठला पाइप कुठे वळलाय, हे बिल्डरला आठवत नाही, नकाशात सापडत नाही, ते फक्त गुणाजीच्या डोक्यात आहे. हल्ली मात्र तो फोन उचलत नव्हता. त्या दिवशी त्याची बायको सुगंधा हिने उचलला आणि सांगितलं, "ते स्टेशनजवळच्या सेंटरात गेलेत. एक वाजेपर्यंत येतील." मोठं गिऱ्हाईक मिळालं आणि जुन्यांना विसरला, असा राग घोळवत मी त्या पत्त्यावर पोचलो.

ते डायलिसिसचं सेंटर होतं. एका धर्मादाय न्यासाचं, अगदी कमी पैशात चालणारं. गुणाजी खाटेवर पडला होता, हातातून दोन नळ्या यंत्रात गेल्या होत्या आणि त्यातून त्याचं रक्त फिरत होतं. मला बघून तोच ओशाळला.

"साहेब, तुमचो नळ ना? येतंय, येतंय. ह्यांनी माका सोडल्यानी की येतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "नळाचं काय घेऊन बसलास, नळ एकदम उत्तम आहे."

तिथे स्वरदा नावाची एक चुणचुणीत मुलगी काम बघत होती. तिने सगळं सांगितलं. सेंटरमध्ये सहा यंत्रं, त्यातलं पाचव्या नंबरचं कायमचं बसलेलं. एक कंपनी नव्या यंत्राचे अर्धे पैसे द्यायला तयार होती, पण सेंटरने उरलेले जमवले तरच. सगळीकडून गोळा करून शेवटचे दोन लाख कमी पडत होते आणि जानेवारीअखेरची मुदत होती. नाही जमले तर फेब्रुवारीपासून काही पेशंटांच्या आठवड्याला तीन खेपांच्या दोन होणार होत्या. त्या यादीत गुणाजीचं नाव दुसरं होतं.

"दोन खेपांवर चालतं?" मी विचारलं.

उत्तर गुणाजीनेच दिलं, तेही एखाद्या जुन्या टाकीबद्दल सांगावं इतक्या शांतपणे. "चलता. पण अंगात पाणी भरता. मग धाप लागता, रात्री आडवा पडूक येणा नाय. बसान रवायचा."

शहाण्या माणसाने यावर पाच हजारांचा चेक फाडला असता आणि घरी येऊन वरणभात खाल्ला असता. पण माझ्या स्वभावात एक दोष आहे. समोर कोणी काळजीत दिसलं की माझ्या तोंडून आश्वासन निसटतं. विमा कंपनीत असताना या दोषापायी मी तीन दिवाळ्या ऑफिसात काढल्या. इथे तर भिंतीवर पोस्टरच होतं, मॅरेथॉनमध्ये धावून सेंटरसाठी निधी उभारणाऱ्या लोकांचं. मी म्हणालो, "मीसुद्धा धावेन."

"काका, त्याची नोंदणी केव्हाच बंद झाली," स्वरदा म्हणाली. "पण तुम्ही तुमच्या सोसायटीच्या आवारात चालू शकता ना. लोकांकडून दर फेरीमागे देणगी घ्यायची. बरेच जण करतात तसं."

गुणाजीने मान वळवून माझ्या पोटाकडे पाहिलं. "साहेब? तुम्ही?"

तेवढं त्याने म्हणायला नको होतं. "हो, मी!" मी म्हणालो. "चांगल्या शंभर फेऱ्या!"

जयंतीला हे सांगितलं तेव्हा ती पातेलं उचलत होती. ती म्हणाली, "आणि नळ?"

आमचे सेक्रेटरी विद्याधर पेठे हे निवृत्त ऑडिटर. आमची ओळख सव्वीस वर्षांची. त्यातली एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत होतो, उरलेली सात पार्किंगच्या भांडणात गेली. मी नोटीस बोर्डावर कागद लावायला गेलो, तर तो चष्मा कपाळावर चढवून आला.

"सबनीस, आवार ही सामाईक जागा आहे. अर्ज लागेल."

"अरे, रोज लोक आवारात फेऱ्या मारतात!"

"ते फिरतात. तू उपक्रम करतोयस."

मी अर्ज दिला. अर्ज कमिटीपुढे गेला. कमिटीचा कोरम भरेना, कारण दोन सभासद लग्नाला गेले होते आणि तिसरा मीच होतो, आणि स्वतःच्या अर्जावर मला बसता येत नव्हतं. शेवटी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि दोन साक्षीदार एवढ्यावर परवानगी मिळाली: जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. सातवी अट अशी होती, की अर्जदार आवारात कोसळल्यास फरशीच्या नुकसानीची भरपाई अर्जदाराने करावी. परवानगी फक्त त्या एका दिवसाची होती, सरावाला वेगळा अर्ज लागणार होता. मी म्हटलं, सराव बाहेर करतो. या एका वाक्याची किंमत पुढे मला चांगलीच मोजावी लागली.

आमच्या आवारात औदुंबराखाली दत्ताचं छोटंसं देऊळ आहे; आवाराची फेरी इमारतीसकट त्यालाही वळसा घालते. त्याची सगळी व्यवस्था दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभाताईंकडे. वय शहात्तर, आवाज भजनी मंडळाचा. त्यांनी माझी नोटीस वाचली आणि तिथूनच वर हाक मारली, "श्यामकांत, शंभर हा काय आकडा झाला? एकशे आठ कर!" मी हो म्हणालो. आठ फेऱ्यांनी काय होतंय, असं वाटलं. हे वाटणं खुर्चीत बसून झालेलं होतं.

मग आकडे घालून घ्यायला घरोघरी गेलो. प्रत्येक घरी एकच प्रकार. दार उघडायचं, कागद वाचायचा, मग नजर कागदावरून माझ्या पोटावर उतरायची, तिथे दोन क्षण रेंगाळायची, आणि मग मोठ्या मनाने आकडा लिहिला जायचा. हा गडी दहा फेऱ्यांत आडवा होणार, हा हिशेब मला त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होता. शंभर रुपये फेरीला, दीडशे रुपये फेरीला. विद्याधरने माझ्या पोटाकडे दोनदा पाहिलं आणि फेरीमागे पाचशे लिहिले, इमारतीत सगळ्यात जास्त. असा अपमान गिळताना आनंदही होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. बेरीज झाली फेरीमागे अठराशे साठ. एकशे आठ पुऱ्या झाल्या तर दोन लाखांवर थोडेसे. एक फेरीसुद्धा कमी पडून चालणार नव्हती.

सल्ले फुकट मिळाले. कोणी म्हणे केळी खा, कोणी म्हणे केळ्याने कफ होतो. कोणी बूट एक नंबर मोठे घ्या म्हणालं, कोणी पायाला एरंडेल चोळा. चौथ्या मजल्यावरून एक गृहस्थ मुद्दाम खाली आले आणि त्यांच्या मेव्हण्याला असंच चालताना काय झालं होतं, ते सविस्तर सांगून गेले. मेव्हण्याचा फोटोही दाखवला. त्याला हार होता.

आणि मग माझा कोच आला. डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. मंगळवारी सकाळी साडेसहाला दार वाजलं, उघडतो तो गुणाजी.

"नळासाठी आलास?"

"नाय. तुम्ही माझ्यासाठी चलतलात, मगे तुमका चलूक शिकवूक नको? बूट घाला."

पालिकेच्या बागेत तो बाकावर बसायचा आणि मी त्याच्यासमोरून चालायचो. लालबागला गिरणीत असताना हा माणूस कबड्डी खेळलेला. अंगात ताकद राहिली नव्हती, पण जीभ शाबूत होती.

"साहेब, पाय उचला! पेन्शनच्या लायनीत उभे असल्यासारखे काय चलतात?"

"गुणाजी, दम लागलाय रे."

"दम म्हणजे काय ता माका सांगू नकात. तोंड बंद, नाकान श्वास."

तोंड बंद ठेवणं मला कधीच जमलेलं नाही. दर दोन फेऱ्यांनी मी पाणी मागायचो. जयंतीने दिलेली लिटरची बाटली मी घटाघट रिकामी करायचो आणि उरलेलं तोंडावर मारायचो. तेव्हा गुणाजी दुसरीकडे बघायचा. मला वाटायचं, माझ्या अवताराची त्याला लाज वाटते. चौथ्या दिवशी त्याच्या पिशवीतून त्याची बाटली बाहेर आली तेव्हा कळलं. छोटी बाटली, अर्ध्या लिटरची, आणि तिच्यावर निळ्या पेनाने तीन रेघा मारलेल्या.

"ही सकाळची, ही दुपारची, ही रात्रीची," तो म्हणाला. "इतक्याच दिवसाचा. चाय धरून. मूत्रपिंडा पाणी भायर टाकणा नाय, मगे घेवचा कशाक? आयतवार सगळ्यात कठीण, शुक्रवारनंतर मधी दोन दिवस मशीन नाय."

आख्ख्या सोसायटीच्या टाक्या भरणारा माणूस घोट मोजून पीत होता. त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर पाणी जपून प्यायचं ठरवलं. ठरवलं, एवढंच. मोजून तीन दिवस पाळलं.

रविवार उजाडला. सहाच्या ठोक्याला विद्याधरने फाटकाजवळ टेबल मांडलं, टेबलावर वही, वहीत रकाने. गुणाजी पंपाच्या खोलीपाशी, इमारतीच्या मागच्या अंगाला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. त्याच्या मांडीवर दोन डबे होते. एका डब्यात नळाचे रबरी वायसर, मोजून एकशे आठ. माझी एक फेरी झाली की एक वायसर या डब्यातून त्या डब्यात. वहीवर त्याचा विश्वास नव्हता. जयंतीने मला ओवाळलं, स्वरदाने फोटो काढला आणि मी निघालो.

मस्त थंडी होती. मी टेचात अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या फेरीला औदुंबरापाशी पोचलो, तर पूजेचं तबक घेऊन रत्नप्रभाताई वाटेत उभ्या. हात आडवा.

"थांब! कुठून येतोयस?"

"कुठून म्हणजे? तिकडून."

"देऊळ कुठल्या हाताला येतंय तुझ्या?"

"डाव्या."

त्यांनी डोळे मिटले. "दत्ताला उलट्या प्रदक्षिणा घालतोयस तू. अकरा!"

मी समजावून सांगितलं, की जगातल्या सगळ्या मैदानांवर खेळाडू असेच, मैदान डाव्या हाताला ठेवून पळतात, टीव्हीवर बघा. त्या म्हणाल्या, जगातल्या सगळ्या मैदानांच्या मध्ये दत्त नसतो. आवारात सराव केला असता तर पहिल्याच दिवशी त्यांनी मला वळवलं असतं. पण सरावाला वेगळा अर्ज लागणार होता ना!

"ठीक आहे," मी म्हणालो, "आता सरळ मारतो. सत्त्याण्णव राहिल्या."

"सत्त्याण्णव कशा? उलटी प्रदक्षिणा म्हणजे घातलेली काढून घेणं. अकरा काढून घेतल्यास तू. आता त्या अकरा फेडायच्या, आणि मग पुढे एकशे आठ."

मी विद्याधरकडे धाव घेतली. तो ऑडिटर माणूस, त्याला तरी हे पटणार नाही अशी माझी वेडी आशा. विद्याधरने वही उघडली, पेन काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मी निर्मळ आनंद पाहिला.

"बरोबर आहे त्यांचं. या वजा अकरा धरायच्या."

"अरे, पाय माझे दुखतायत ते अधिकच ना?"

"पायांची नोंद नसते, सबनीस. दिशेची असते."

बाल्कन्यांमधून मतं आली. निम्म्या लोकांना रत्नप्रभाताईंचं म्हणणं धर्माच्या दृष्टीने पटलं, उरलेल्यांना पैशाच्या दृष्टीने. स्वरदा बिचारी म्हणाली, "काका, न्यासाला दिशेचं काही नाही." पण देणगीदार न्यास नव्हता, देणगीदार वर बाल्कनीत चहा पीत होते. मी रागाने बूट काढायला वाकलो. तेवढ्यात मागून खुळखुळ आवाज आला, गुणाजी डबे घेऊन पुढे आला होता. गुणाजीने सरकवलेले अकरा वायसर परत पहिल्या डब्यात टाकले होते आणि पिशवीतून अकरा नट काढून तेही त्याच डब्यात घातले होते.

"एकशे एकोणीस," तो म्हणाला. "चला साहेब. उन्हा वाढतली."

तो नट मोजताना त्याच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. सुजली होती. रविवार होता. मी बुटाची नाडी पुन्हा बांधली.

पुढचे तास कसे गेले, ते सगळं सांगत नाही, कारण मला सगळं आठवत नाही. फेडीच्या अकरा फेऱ्या मारून मी शून्यावर आलो, तेव्हा टाळ्या पडल्या. शून्यावर टाळ्या मिळवणारा मी पहिलाच असेन. नऊ वाजता टँकर आला आणि वाटेत पंचवीस मिनिटं उभा राहिला. मी जागच्या जागी चाललो, तर विद्याधर म्हणाला ते धरता येणार नाही. दहाला बाहेरच्या रस्त्यावर बातमी पसरली, की इथे एक गृहस्थ दत्ताला एकशे आठ प्रदक्षिणांचा नवस फेडतायत. एक म्हातारी आत आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी चालत असल्यामुळे तिचा नेम चुकला आणि नमस्कार विद्याधरच्या टेबलाला झाला. एका बाईंनी नारळ दिला आणि म्हणाल्या, "माझ्या मुलीची परीक्षा आहे हो, तुमच्या फेऱ्यांतल्या दोन तिच्या नावाने घालता का?" मी म्हटलं, घालतो, पण फेरीमागे अठराशे साठ पडतील. त्यांनी नारळ परत घेतला.

दुपारी जेवणाच्या वासाने इमारत भरून गेली. कोणाकडे मासे होते, कोणाकडे बासुंदी. मी दोन केळी खाल्ली आणि चाललो. पायाला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. जयंती दर फेरीला काहीतरी बोलायची. सुरुवातीला "जपून", मग "पुरे आता", मग नुसतंच "अहो". तीन वाजता ती बोलायची थांबली आणि तोंडाला पदर लावून फाटकापाशी उभी राहिली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

गुणाजी मात्र खुर्चीवर परत जाऊन बसला तो तिथून हलला नाही. मी पंपाच्या खोलीपाशी आलो की वायसर टपकन पडायचा आणि आवाज यायचा, "नाकान श्वास!"

सव्वाचारला, एकशे दोन झाल्यावर, मागच्या अंगाला माझ्या पोटरीत गोळा आला. असला गोळा की मी आईला हाक मारली. पाय आखडला, मी पंपाच्या खोलीच्या पायरीवर कोसळलो. फरशीला काही झालं नाही. तिथे आसपास गुणाजीशिवाय कोणी नव्हतं. सगळे पुढे चहाला गेले होते. माझी बाटली टेबलावर राहिली होती.

"पाणी," मी म्हणालो. "गुणाजी, पाणी!"

त्याने क्षणभर फाटकाच्या दिशेला पाहिलं. हाक मारायचा त्याने प्रयत्न केला, पण त्याचा आवाज तिथपर्यंत जाईना. मग त्याने पिशवीत हात घातला आणि एक बाटली माझ्या हातात दिली.

मी झाकण काढलं. टीव्हीवर पाहिलं होतं तसं पहिल्या घोटाने चूळ भरून थुंकलो. दुसरा घोट प्यायलो. उरलेलं सगळं डोक्यावर ओतलं. "हाऽऽ," असं म्हणून डोळे उघडले, तेव्हा हातातल्या रिकाम्या बाटलीवरच्या तीन निळ्या रेघा दिसल्या.

डोक्यावरून त्याचं रात्रीचं पाणी ओघळत होतं. कॉलरमध्ये जात होतं, फरशीवर सांडत होतं. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्यात, पण इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

"गुणाजी, अरे, हे तर तुझं..."

"जावंदे ओ," तो म्हणाला. "उद्या सकाळी माझी पहिली खेप. रात्री बर्फाचो एक खडो चघळीन. पाय सरळ करा, बघूया." आणि त्याने खाली बसून, स्वतःला धाप लागत असताना, माझी पोटरी रगडायला घेतली. पाइपचा आटा बसवावा तशी, अंदाज घेत. गोळा सुटला.

त्यानंतर मी एक शब्द बोललो नाही. जयंतीने पाणी पुढे केलं, ते मानेनेच नको म्हटलं. लंगडत चाललो, नाकाने श्वास घेत. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी मी टेबलाशी आलो आणि विद्याधर खुर्चीवरून उठून ओरडला, "एकशे आठ!"

जल्लोष झाला. बाल्कन्यांतून थाळ्या वाजल्या. रत्नप्रभाताईंनी देवळातली घंटा बडवली. दहा फेऱ्यांच्या हिशेबाने आकडे घातलेले लोकसुद्धा नाचत होते, म्हणजे बघा. विद्याधरने माझा हात हातात घेतला आणि सात वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "श्याम, लेका, जिंकलास." मी खुर्चीत पडलो. स्वर्ग म्हणतात तो प्लास्टिकच्या खुर्चीएवढाच असतो.

गर्दीतून गुणाजी आला. हातात दोन्ही डबे. त्याने पहिला डबा टेबलावर उपडा केला. एक वायसर पडला, गोल फिरला आणि वहीवर आडवा झाला.

"एक उरलो हा," तो म्हणाला.

वही तपासली. मला गोळा आला त्या वेळी विद्याधरने चहाला जाताना वही रत्नप्रभाताईंकडे दिली होती, आणि एकशे दोनच्या खुणेवर दोघांनीही एकेक रेघ मारली होती. एकशे दोन दोनदा झाली होती.

"जाऊ दे हो," वरून कोणीतरी म्हणालं. रत्नप्रभाताई म्हणाल्या, "माझी चूक, दत्त समजून घेईल." आणि विद्याधरने, ज्याने टँकरपुढे मला अर्धं पाऊलसुद्धा सोडलं नव्हतं, त्याने वही मिटली. "एका फेरीचं काय घेऊन बसलात? झाल्या म्हणजे झाल्या."

गुणाजीने मान हलवली. "नको. साहेब चलले, म्हणून लोकांनी दिल्यानी. जी चलले नाय, तिचे पैसे माझ्या अंगात घालू नकात. माका फुकटची फेरी नको."

दिवसभरात दुसऱ्या कोणी मला 'आणखी एक' म्हटलं असतं, तर मी तो डबा त्याच्या डोक्यात घातला असता. मी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठलो. जयंतीने बाटली पुढे केली. मी म्हटलं, "नंतर."

"थांबा," गुणाजी म्हणाला. "ही फेरी मी पण येतंय."

सहाला दहा कमी होते, आणि परवानगी सहापर्यंतचीच होती. आम्ही निघालो, मी लंगडत आणि तो दर दहा पावलांवर थांबत. देऊळ उजव्या हाताला. कोणी मागे आलं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. कोपऱ्यावरून वळताना मी मागे पाहिलं, तर विद्याधर मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत होता.

पंपाच्या खोलीपाशी फरशीवर अजून ओल होती. गुणाजी तिथे थांबला, भिंतीला हात लावून त्याने श्वास सावरला. तोंड कोरडं पडलं होतं, ओठांना चिरा गेल्या होत्या. मी म्हटलं, "गुणाजी, माझ्यामुळे आज रात्री..."

"साहेब," त्याने मला तोडलं, "तुमचो नळ अजून गळता ना?"

"गळतो."

"माका म्हायत होता. तुम्ही त्या दिवशी खोटा बोललात." तो हसला. मग खिशात हात घालून त्याने टेबलावरचा तो शेवटचा वायसर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हो सांभाळून ठेवा. उद्या माझी खेप. परवा मंगळवारी येतलंय, घालून देतंय."

मी मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला. कोणी कोणाला आधार दिला, ते सांगता येणार नाही. फाटकापाशी पोचलो तेव्हा किती वाजले होते, ते वहीत लिहिलेलं नाही.